हॅरोच्या शाळेतले स्ट्रॅची सर

बीजगणिताच्या वहीत एखाद्याने ‘क = क + १’ असे लिहिले तर काय होईल? दोन्ही बाजूंतून क वजा केला की शून्य बरोबर एक असे भलतेच उत्तर येते. सर त्या ओळीवर लाल फुली मारतील आणि समीकरण म्हणजे काय ते पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगतील. तोच विद्यार्थी पुढच्या तासाला संगणक कक्षात जातो आणि बेसिक, सी किंवा पायथन यांपैकी कोणत्याही भाषेत तीच ओळ लिहितो. तिथे ती बरोबर ठरते. इतकेच नव्हे, तर साधी मोजणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती हमखास लिहावी लागते. शाळा एक, दिवस एक, चिन्हही एक, पण अर्थ दोन. बहुतेक मुले ही गोष्ट निमूटपणे पाठ करून टाकतात.

या प्रश्नाच्या मुळाशी गेलेल्या एका माणसाची ओळख आज करून द्यायची आहे. त्यांचे नाव ख्रिस्तोफर स्ट्रॅची. संगणकाची भाषा शिकताना नुसत्या आज्ञा पाठ करू नयेत, त्यांच्यामागच्या कल्पना समजून घ्याव्यात, आणि त्यासाठी गणितातल्या फलाचा म्हणजे फंक्शनचा आधार घ्यावा, हा विचार विद्यापीठांतून रुजला त्यात स्ट्रॅची यांचा वाटा मोठा आहे. हे गृहस्थ वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत होते, म्हणून आपल्या शाळेच्या पत्रिकेत त्यांना जागा देणे मला विशेष योग्य वाटते.

स्ट्रॅची यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. घराणे नामवंत होते आणि त्याचा हिंदुस्थानशी जुना संबंध होता. आजोबा सर रिचर्ड स्ट्रॅची हे लष्करी अभियंते. त्यांची बरीच नोकरी इकडे कालवे, रेल्वे आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, म्हैसूर, हैदराबाद आणि मद्रास इलाख्यात जो भीषण दुष्काळ पडला, त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे तेच अध्यक्ष होते. वडील ऑलिव्हर यांनीही काही काळ ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी केली. पुढे दोन्ही महायुद्धांत त्यांनी शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केले. आई रे स्ट्रॅची केंब्रिजला गणित शिकलेल्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतल्या त्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या आणि त्या चळवळीचा इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसिद्ध चरित्रकार लिटन स्ट्रॅची हे ख्रिस्तोफरचे सख्खे काका. लंडनच्या ब्लूम्सबरी भागातल्या ज्या चौकात हे कुटुंब राहत असे, तिथे लेखक, चित्रकार आणि अर्थतज्ज्ञ यांचा राबता असे.

अशा घरातल्या मुलाकडून मोठ्या अपेक्षा असणार हे ओघानेच आले. प्रत्यक्षात घडले उलटेच. नॉरफोक परगण्यातल्या ग्रेशम्स या शाळेत त्यांची हुशारी मधूनमधून चमकून जाई, पण एकूण प्रगती बेताचीच. १९३५ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. तिसऱ्या वर्षी मानसिक आजाराने त्यांचे शिक्षण काही काळ थांबले. बरे होऊन परत आले आणि परीक्षा दिली, तर निकाल लागला तो खालच्या द्वितीय श्रेणीचा. पुढे संशोधन करण्याची वाट बंद झाली. त्यांना एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरावी लागली. महायुद्धाचे दिवस होते. रडारसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉन नळ्यांच्या रचनेची गणिते तिथे करावी लागत. ती हाताने सुटत नसत, म्हणून डिफरन्शियल अ‍ॅनलायझर या दंडचक्रांच्या गणनयंत्राची मदत घेतली जाई. यंत्राकडून गणित करून घेण्याची गोडी त्यांना लागली ती इथे.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये त्यांनी कँटरबरीच्या सेंट एडमंड्स शाळेत शिक्षकाची नोकरी घेतली. १९४९ मध्ये ते हॅरोला गेले. पंडित नेहरू १९०५ ते १९०७ या काळात ज्या शाळेत शिकले तीच ही हॅरो.

१९५१ च्या जानेवारीत एका मित्राच्या ओळखीने स्ट्रॅची लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेले. पायलट एस नावाचा नवा संगणक तिथे उभा राहिला होता. तिथल्या माइक वुजर यांनी त्यांना तो समजावून दिला. घरी परतल्यावर स्ट्रॅची यांनी शाळा सांभाळून, फावल्या वेळात एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. संगणकाने माणसाबरोबर ड्राफ्ट्स खेळावे, हा त्याचा विषय. ड्राफ्ट्स म्हणजे बुद्धिबळाच्याच पटावर सोंगट्यांनी खेळायचा एक खेळ. ३० जुलै १९५१ रोजी, उन्हाळ्यात, तो प्रोग्रॅम यंत्रावर चढवला आणि तो चालला नाही. चुका होत्या, आणि त्या यंत्राची स्मृतीही त्याला अपुरी पडत होती.

मँचेस्टर विद्यापीठात फेरांटी कंपनीने केलेला याहून मोठा संगणक आहे असे त्यांच्या कानावर आले होते. त्याची माहितीपुस्तिका अ‍ॅलन ट्युरिंग यांनी लिहिली होती. ट्युरिंग म्हणजे किंग्ज कॉलेजातली जुनी ओळख. स्ट्रॅची यांनी त्यांच्याकडून पुस्तिका मागवली. ती इतकी त्रोटक होती की भलेभले गोंधळून जात. ट्युरिंग यांनी त्यांना एक कामही सुचवले. संगणकाने दुसरा प्रोग्रॅम एकेक पायरी करीत चालवून तपासावा, म्हणजे यंत्राने एका अर्थी स्वतःचीच नक्कल करावी, असा प्रोग्रॅम लिहायचा. नवशिक्याला देण्याजोगे हे काम नव्हते. शाळेतले हे मास्तर त्या काळच्या मानाने अतिशय लांबलचक प्रोग्रॅम लिहून मँचेस्टरला आले आणि रात्रभर यंत्राजवळ बसले. सकाळपर्यंत तो बराचसा चालू झाला, आणि शेवटी यंत्रातून इंग्लंडच्या राष्ट्रगीताची चाल ऐकू आली!

ही करामत कशी झाली ते सांगण्यासारखे आहे. त्या यंत्राला एक भोंगा जोडलेला होता. ठराविक आज्ञा दिली की त्यातून टक् असा आवाज निघे. काम संपले किंवा अडले तर चालकाला कळावे, एवढाच त्याचा उपयोग. पण ही टकटक सेकंदाला शेकडो वेळा, सारख्या अंतराने केली की कानाला ती सुटी ऐकू येत नाही, त्याचा सूर होतो. अंतर कमी केले की सूर चढतो, वाढवले की उतरतो. तंबोऱ्याच्या तारेचे जे पदार्थविज्ञान तुम्ही शिकता, तेच हे. त्याच वर्षी बीबीसीने या यंत्राच्या संगीताचे ध्वनिमुद्रण केले. ते २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी स्वच्छ करून पुन्हा ऐकण्याजोगे केले आहे.

या एका रात्रीनंतर स्ट्रॅची यांचे नाव झाले. नव्या शोधांना उत्तेजन देण्यासाठी सरकारने काढलेल्या एका महामंडळाचे प्रमुख लॉर्ड हॅल्सबरी यांनी त्यांना आपल्याकडे ओढले, आणि जून १९५२ मध्ये त्यांनी शाळा सोडली. त्याच उन्हाळ्यापर्यंत त्यांचा संगणक ड्राफ्ट्सचा पुरा डाव खेळू लागला होता.

१९५२ मधलीच त्यांची आणखी एक गंमत सांगतो. त्यांनी मँचेस्टरच्या संगणकाला प्रेमपत्रे लिहायला लावली. वाक्यांचे दोन-तीन साचे, विशेषणांची, नामांची आणि क्रियापदांची यादी, आणि त्यांतून कोणता शब्द उचलायचा ते यदृच्छेने ठरवायचे. पत्राखाली सही मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाची. पत्रे वाचताना हसू येते, कारण व्याकरण बिनचूक आणि लिहिणाऱ्याला प्रेमाचा गंध नाही. मला या गमतीत पुढच्या सगळ्या कामाचे बीज दिसते. वाक्याची रचना शुद्ध असणे वेगळे आणि त्याला अर्थ असणे वेगळे. संगणकाच्या भाषांतही रचनेचे नियम लिहून ठेवणे त्या मानाने सोपे गेले. त्या रचनेचा अर्थ काय, हे नेमकेपणाने सांगणे अवघड होते.

महामंडळातल्या सात वर्षांत त्यांनी पुष्कळ व्यवहारी कामे केली. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीवरच्या जलमार्गाची अवघड गणिते टोरोंटोच्या संगणकावर करून दिली, फेरांटीच्या पेगॅसस या संगणकाच्या रचनेत भाग घेतला, आणि १९५९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेक कामांत वाटून देण्याची कल्पना मांडली. हे सर्व महत्त्वाचे आहे, पण आपला विषय वेगळा असल्यामुळे त्यात शिरत नाही.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. १९५३ मध्ये एका परिषदेला जाताना आगगाडीच्या डब्यात ट्युरिंग यांनी त्यांना एक सिद्धता ऐकवली. दिलेला कोणताही प्रोग्रॅम कधी ना कधी थांबेल की अखंड चालतच राहील, हे सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येईल का? ट्युरिंग यांचे उत्तर होते, कधीच नाही. समजा, असा तपासनीस आहे. मग आपण एक खोडसाळ प्रोग्रॅम लिहू. तो आधी तपासनिसाला आपल्याविषयीच विचारील, आणि तो जे सांगेल त्याच्या नेमके उलट वागेल. थांबशील म्हटले तर चालत राहील, चालत राहशील म्हटले तर थांबेल. तपासनीस खोटा ठरला! पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, ट्युरिंग वारले. स्ट्रॅची यांनी ही सिद्धता १९६५ मध्ये एका नियतकालिकाला लिहिलेल्या छोट्या पत्रात दिली. दहावीच्या मुलाला समजेल इतकी ती सोपी आहे.

१९५८ च्या सुमारास रॉजर पेनरोज या तरुण गणितज्ञाने त्यांचे लक्ष लॅम्डा कॅलक्युलसकडे वेधले. २०२० मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळालेले पेनरोज ते हेच. लॅम्डा कॅलक्युलस ही अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात, म्हणजे संगणक जन्माला येण्यापूर्वी, केलेली एक लिपी. तिच्यात दोनच मुख्य क्रिया आहेत: फल तयार करणे आणि ते फल एखाद्या गोष्टीला लावणे. एवढ्या सामग्रीवर जे जे यांत्रिकपणे मोजता येते ते सारे मांडता येते. स्ट्रॅची यांना वाटले, संगणकाच्या भाषांचा अर्थ सांगायला हीच लिपी वापरली तर?

१९५९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि लंडनमधल्या आपल्या राहत्या घरी सल्लागाराचा व्यवसाय सुरू केला. १९६० मध्ये पीटर लँडिन या तरुणाला मदतनीस म्हणून ठेवले. कंपन्यांची कामे करून जे मिळे त्यातून त्याचा पगार द्यायचा, आणि त्याच्या वेळेचा काही भाग भाषांच्या सिद्धांतावर खर्च होऊ द्यायचा. धंद्याच्या हिशेबात हे बसणारे नव्हते. पण लँडिन यांचा १९६४ चा निबंध तिथूनच निघाला, आणि १९६६ मध्ये त्यांनी कागदावर मांडलेली भाषा ही पुढच्या अनेक फंक्शनल भाषांची आजी ठरली.

आता ‘क = क + १’ कडे वळू. बीजगणितात क हे एका संख्येचे नाव असते, आणि एका उदाहरणात ती संख्या बदलत नाही. म्हणून समान गोष्टीच्या जागी समान गोष्ट ठेवता येते. (३ + २) चा वर्ग म्हणजे ५ चा वर्ग. हा अधिकार आपण इतका गृहीत धरतो की त्याला काही नाव असेल असेही वाटत नाही. स्ट्रॅची यांनी तत्त्वज्ञ क्वाइन यांच्याकडून त्यासाठी शब्द घेतला. आपण त्याला संदर्भाची पारदर्शकता म्हणू. सी किंवा बेसिकमध्ये हा अधिकार जातो. तिथे क हे एका डब्याचे नाव आहे. डबा तोच, आतली वस्तू बदलते. क ची किंमत काय, असे विचारले तर आधी विचारावे लागते, कधीची?

स्ट्रॅची यांनी दाखवले की त्या ओळीत क हे अक्षर दोन वेगळ्या अर्थांनी आले आहे. बरोबरच्या डाव्या बाजूला क म्हणजे डबा, उजव्या बाजूला क म्हणजे डब्यात या क्षणी असलेली वस्तू. वस्तू काढा, एक मिळवा, पुन्हा डब्यात ठेवा. डाव्या अर्थाला त्यांनी एल-व्हॅल्यू म्हटले आणि उजव्याला आर-व्हॅल्यू. पालकांपैकी ज्यांनी कॉलेजात टर्बो सी वापरले असेल, त्यांना एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड अशी कुरकुर करणारा पडदा आठवत असेल. ५ = क असे उलटे लिहिले की ती येते, कारण ५ हा डबा नाही, त्यात काही ठेवता येत नाही. ती कुरकुर ज्या शब्दात होते तो शब्द स्ट्रॅची यांच्या वर्तुळातून आलेला आहे.

याउलट फंक्शनल पद्धतीत डबेच नसतात, निदान सुरुवातीला नसतात. प्रोग्रॅम म्हणजे व्याख्यांचा संच. एक फल दुसऱ्याच्या आधारे सांगितलेले असते, आणि किंमत काढणे म्हणजे समान गोष्टीच्या जागी समान गोष्ट ठेवत जाणे. ही पद्धत तुम्ही रोज वापरता. एक्सेलच्या तक्त्यात एकूण गुणांच्या घरात बेरजेचे सूत्र असते, टक्केवारीच्या घरात भागाकाराचे. कोणते घर आधी भरायचे हे आपण सांगत नाही, अर्थावरून ते आपोआप ठरते. आणि ए-१ या घरातच ‘ए-१ अधिक १’ असे सूत्र लिहून पाहा. तक्ता चक्राकार संदर्भ असल्याची तक्रार करतो. म्हणजे संगणक कक्षातलाच एक कार्यक्रम चक्क बीजगणिताच्या सरांच्या बाजूने बोलतो!

१९६२ मध्ये स्ट्रॅची केंब्रिजच्या गणित प्रयोगशाळेत अर्धवेळ काम करू लागले. केंब्रिज आणि लंडन विद्यापीठांनी मिळून सीपीएल नावाची नवी भाषा आखायला घेतली, तिचे ते मुख्य शिल्पकार. चेष्टेने लोक तिच्या नावातले पहिले अक्षर ख्रिस्तोफरचे आहे असे म्हणत. भाषा फार महत्त्वाकांक्षी होती आणि ती पूर्णपणे कधीच उभी राहिली नाही. पण मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ मध्ये तिची बीसीपीएल ही साधी आवृत्ती केली, तीवरून अमेरिकेत केन थॉम्पसन यांनी बी केली, आणि बी वरून डेनिस रिची यांनी सी. फंक्शनल विचाराच्या या पुरस्कर्त्याच्या वंशावळीत डब्यांनी भरलेली सी भाषा यावी, हा एक विनोदच म्हणायचा.

१९६६ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले आणि बॅनबरी रोडवरच्या एका घरात त्यांचा प्रोग्रॅमिंग संशोधन गट कामाला लागला. ऑगस्ट १९६७ मध्ये कोपनहेगनला भरलेल्या उन्हाळी वर्गात त्यांनी प्रोग्रॅमिंग भाषांच्या मूलभूत संकल्पनांवर व्याख्याने दिली. ती वाचताना जाणवते की हा मुळात शाळेत शिकवणारा माणूस आहे. कोणत्या भाषेत काय लिहावे हे ते सांगत बसत नाहीत. नाव म्हणजे काय, किंमत म्हणजे काय, फल म्हणजे काय, असे एकेक विचारत जातात.

त्यातल्या दोन-तीन कल्पना पाहू. बहुतेक भाषांत संख्या हा पहिल्या दर्जाचा नागरिक असतो. ती डब्यात ठेवता येते, फलाला देता येते, फलाकडून उत्तर म्हणून घेता येते. त्या काळच्या अल्गोल भाषेत फलाला मात्र हे सगळे हक्क नव्हते. ते दुसऱ्या फलाला देता येई, पण डब्यात ठेवता येत नसे किंवा उत्तर म्हणून परत घेता येत नसे. स्ट्रॅची यांनी त्याला दुय्यम दर्जाचा नागरिक म्हटले आणि हा भेद का असावा असा प्रश्न केला. भेद काढला तर काय होते पाहा. बेरीज या फलाला दोन संख्या लागतात. तिला एकच दिली, समजा ५, तर काय मिळावे? संख्या नव्हे, तर एक नवे फल मिळावे, जे पुढे येणाऱ्या कोणत्याही संख्येत ५ मिळवील. दुकानदाराने अठरा टक्के कराचे कोष्टक एकदा करून भिंतीवर लावावे आणि पुढे नुसती रक्कम पाहावी, तसे हे. ही कल्पना शॉनफिंकेल यांनी १९२४ मध्ये मांडली, हॅस्केल करी यांनी वाढवली, आणि करी यांच्या नावावरून तिला करिइंग म्हणण्याची प्रथा स्ट्रॅची यांच्या या व्याख्यानांपासून सांगितली जाते. आपल्या कढीशी तिचा काही संबंध नाही!

दुसरी कल्पना बहुरूपतेची. अधिकचे चिन्ह पूर्णांकांनाही चालते आणि दशांश अपूर्णांकांनाही, पण यंत्राच्या आत दोन्ही बेरजांची कृती वेगळी असते. नुसते नाव सारखे. यादी उलटी करण्याचे फल मात्र संख्यांच्या यादीला, मुलांच्या नावांच्या यादीला, कोणत्याही यादीला एकाच कृतीने लागू पडते. पहिली बहुरूपता सोयीपुरती, दुसरी खरी. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी अशा वेगळ्या करून दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता.

एवढे झाले तरी मूळ प्रश्न उरतोच: प्रोग्रॅमचा अर्थ म्हणजे काय? यंत्र जे करील तोच अर्थ असे म्हटले, तर यंत्र बदलले की अर्थ बदलला असे होईल. आपल्या बेळगावच्या मुलांना हे पटकन कळावे. घरी आपण तीन म्हणतो, बाजारात मूरु ऐकतो, इंग्रजीच्या तासाला थ्री म्हणतो, फळ्यावर ३ लिहितो. शब्द वेगळे, लिपी वेगळी, पण ज्या संख्येकडे ही सारी बोटे दाखवतात ती एकच. स्ट्रॅची यांचे म्हणणे असे की प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्याचेही असेच असावे. त्याने कोणत्या तरी गणिती वस्तूकडे बोट दाखवावे, आणि मोठ्या तुकड्याचा अर्थ त्यातल्या लहान तुकड्यांच्या अर्थांवरून ठरावा. डब्यांच्या भाषेतली आज्ञासुद्धा मग एक फलच होते. सगळ्या डब्यांची आधीची स्थिती द्या, ते नंतरची स्थिती देईल. ‘क = क + १’ ला अशा रीतीने बीजगणितात पुन्हा प्रवेश मिळतो.

यात एक मोठी फट होती. लॅम्डा कॅलक्युलसमध्ये फल स्वतःलाच लावता येते. अशी चमत्कारिक फले खरोखर कोणत्या गणिती वस्तू आहेत हे कोणालाच सांगता येत नव्हते. स्ट्रॅची आपल्या अंतःप्रेरणेवर पुढे जात होते, पाया कच्चा होता. १९६९ च्या शरदात अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ डॅना स्कॉट ऑक्सफर्डला आले. पायाच नसलेली ही लिपी टाकून द्यावी असा त्यांचा आग्रह होता. पण दोघांची चर्चा चालू असतानाच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, स्कॉट यांना तो पाया सापडला. टाकून द्या म्हणणाऱ्यानेच तो बांधून दिला. १९७१ मध्ये दोघांचा संयुक्त निबंध आला आणि अर्थनिर्देशाच्या या शास्त्राची रीतसर सुरुवात झाली. त्याच वर्षी ऑक्सफर्डने स्ट्रॅची यांना प्राध्यापकपद दिले. द्वितीय श्रेणीतल्या पदवीनंतर तीसहून अधिक वर्षांनी!

आज विद्यापीठांत भाषांच्या संकल्पना शिकवताना फंक्शनल भाषेत एक छोटा दुभाषी लिहायला लावतात. आधी फक्त संख्या आणि बेरीज, मग नावे, मग फले, आणि डबे सर्वांत शेवटी. एका वेळी एकच कल्पना आत येते, त्यामुळे प्रत्येकीने काय बदलले ते दिसते. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे याच वाटेने जाणारे पाठ्यपुस्तक निघाले. हॅस्केल ही भाषा १९९० मध्ये आली. सी-प्लस-प्लसमध्ये २०११ साली आणि जावात २०१४ साली लॅम्डा दाखल झाला. नव्या भाषांच्या मागे धावणाऱ्यांना हे नवीन वाटले; व्याख्यानांच्या टिपणांत त्याचे बरेचसे होते. आपल्या शाळेत यासाठी नवे यंत्र किंवा महागडे पॅकेज लागणार नाही, हे विश्वस्तांच्या कानावर घालावेसे वाटते. आहे त्या पायथनमध्ये आणि तक्त्यांमध्ये हे शिकवता येईल. तास मात्र थोडे जास्त लागतील.

स्ट्रॅची यांचा एक दोष होता. लिहिलेले त्यांना स्वतःलाच पसंत पडत नसे, त्यामुळे ते छापायला देत नसत. कोपनहेगनची टिपणे हस्तलिखिताच्या प्रतींवरून प्रती काढीत लोकांमध्ये फिरत राहिली. शेवटच्या वर्षांत मात्र त्यांनी कंबर कसली. केंब्रिजच्या अ‍ॅडम्स पारितोषिकासाठी रॉबर्ट मिल्न या तरुण सहकाऱ्यासह एक भला मोठा प्रबंध लिहायला घेतला. तो १९७४ मध्ये सादर झाला. पारितोषिक मिळाले नाही. त्याचे पुस्तक करण्याचे काम चालू असतानाच त्यांना कावीळ झाली. बरे होत आहेत असे वाटत असताना आजार उलटला आणि १८ मे १९७५ रोजी ऑक्सफर्ड येथे ते वारले. वय होते अठ्ठावन्न.

मिल्न यांनी ते पुस्तक पुरे करून १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. स्ट्रॅची यांच्या जागेवर १९७७ मध्ये टोनी होअर आले. कोपनहेगनची व्याख्याने एका शोधपत्रिकेत प्रथम छापली गेली ती २००० साली. तेव्हा ती दिल्याला तेहतीस वर्षे झाली होती, आणि देणाऱ्याला जाऊन पंचवीस.